सार्वजनिक किल्लीचे प्रमाणीकरण : विश्वासाचे मापन व त्याच्या मर्यादा

इ.स. १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची संकल्पना मांडली. गुप्त किल्ली परस्परांकडे सुरक्षितपणे पोहोचविण्याचा जुना प्रश्न त्यामुळे सुटला. परंतु त्याच्या जागी दुसरा उभा राहिला. सर्वांसाठी खुली असलेली ही किल्ली अमुक व्यक्तीचीच आहे, हे कशावरून? केवळ गणित याचे उत्तर देऊ शकत नाही. कोणाची तरी साक्ष काढावी लागते. प्रमाणपत्र म्हणजे डिजिटल स्वाक्षरीनिशी दिलेली अशी साक्षच होय.

साक्ष म्हटली की साक्षीदाराची पारख आली. 'ही किल्ली अ या व्यक्तीची आहे' ही खात्री आणि 'अ ही व्यक्ती इतरांच्या किल्ल्या नीट पडताळूनच स्वाक्षरी करते' हा विश्वास, या दोहोंची नेहमी गल्लत होते. उएली माउरर यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात हा भेद स्पष्ट केला असून अशा प्रत्येक विधानाला ० ते १ यांमधील मूल्य दिले आहे.

व्यवहारात मात्र ढोबळ नियम रूढ झाले. फिल झिमरमन यांच्या १९९१ मधील पीजीपी प्रणालीच्या परंपरेतील जीपीजी ही आज्ञावली पूर्ण विश्वासाच्या एका किंवा अंशतः विश्वासाच्या तीन व्यक्तींची स्वाक्षरी पुरेशी मानते. नियम सुटसुटीत खरा. पण तो स्वाक्षऱ्या मोजतो, साक्षीदारांचे स्वातंत्र्य मोजत नाही. समजा, तीन दुव्यांच्या साखळीत प्रत्येक दुव्याची विश्वसनीयता ०.९ मानली, तर संपूर्ण साखळीची ०.७३ एवढीच उरते. परस्परांशी संबंध नसलेल्या अशा दोन साखळ्या मिळाल्या, तर ती ०.९३ पर्यंत चढते. दोहोंचा शेवटचा दुवा एकच असेल, तर उत्तर ०.८७ येते, आणि त्या दुव्यामागे साखळ्या कितीही वाढविल्या तरी ते ०.९ ओलांडत नाही.

शिवाय ०.९३ या आकड्याच्या आधारे मोठ्या रकमेचा करार करावा काय, हे सांगणे कठीणच. मायकेल रायटर व स्टुअर्ट स्टबलबाइन यांनी १९९९ च्या निबंधात हीच अडचण ओळखून निराळे माप सुचविले : साक्ष खोटी ठरल्यास साक्षीदार किती रकमेची भरपाई देण्यास बांधील आहे? संभाव्यतेपेक्षा हे माप व्यवहाराला अधिक जवळचे आहे.

ब्राउझरांनी या मापनाच्या वाटेला जाण्याचे टाळले. त्यांच्या यादीतील प्रत्येक प्रमाणन संस्थेवर सारखाच, म्हणजे पूर्ण, विश्वास ठेवला जातो. २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी होऊन ५०० हून अधिक बनावट प्रमाणपत्रे निघाली. त्यांपैकी गूगलच्या नावाच्या प्रमाणपत्राचा फटका मुख्यतः इराणमधील सुमारे ३ लाख आयपी पत्त्यांना बसला. २०१४ मध्ये भारतातही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या संकेतस्थळांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले व संबंधित प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. तोवर, २०१३ मध्ये, प्रत्येक प्रमाणपत्राची सार्वजनिक नोंदवहीत नोंद करण्याची पद्धत मांडली गेली होती. २०१८ पासून क्रोम ब्राउझरने नव्या प्रमाणपत्रांसाठी ती सक्तीची केली. या पद्धतीत साक्षीदाराला गुण दिले जात नाहीत. त्याने दिलेली साक्ष तेवढी चारचौघांत येते.