ओळ कोठें मोडावी?
नांदेड-लातुराकडील जुन्या लेखांच्या मुद्रणासंबंधीं कांहीं विचार

१. जुन्या लेखाची नक्कल छापतांना पाठभेद, ह्रस्वदीर्घ व खाडाखोड यांची जितकी चिंता वाहिली जाते, तितकी ओळीच्या शेवटाची वाहिली जात नाहीं. मुळांत ओळ कोठें संपली होती, हें प्रसिद्ध नकलेवरून पुष्कळदां कळतच नाहीं. छापील ओळ संपते ती कागदाची रुंदी संपली म्हणून. पूर्वीं हें काम जुळारी हातानें खिळे लावून करी; आतां तें संगणकावरील पृष्ठजुळणीचें सॉफ्टवेअर करतें. मूळ लेखांतील ओळीचा शेवट हा पुराव्याचा भाग आहे व छापील ओळीचा शेवट ही केवळ सोय आहे. या दोहोंची गल्लत झाल्यास पुराव्याची हानि कशी होते व ती कशी टाळतां येईल, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

२. या प्रांतींचें लेखनसाहित्य तीन प्रकारचें आहे. पहिले शिलालेख. राष्ट्रकूट ज्या लत्तलूर नगराचें नांव आपल्या बिरुदांत मिरवीत, त्या लातुरांत पापविनाशक मंदिरामध्यें चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६–११३८) याच्या कारकीर्दींतील लेख आहे. नांदेड जिल्ह्यांत कंधार, अर्धापूर, होट्टल इत्यादि स्थळींचे लेख विख्यात असून त्या जिल्ह्यांतील लेखांचा संग्रह रित्ती व शेळके यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केला. दुसरीं मोडी दप्तरें, व तिसऱ्या घरोघरच्या आणि मठांतल्या पोथ्या.

या तिन्ही प्रकारांत ओळ मोडण्याचें कारण एकच, तें म्हणजे लेखनाची जागा संपणें. पाथरवट शिळेची कड आली कीं थांबतो, मग शब्द अर्धा राहिला तरी त्यास पर्वा नसते. मोडी लिहिणारा आधीं कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढतो व तिला अक्षरें टांगीत जातो. शब्दाशब्दांत जागा सोडण्याचा त्याचा परिपाठ नाहीं. पोथीचा लेखक दोन्ही अंगांस समासाच्या रेघा आंखून मधला भाग अक्षरांनीं भरतो, व थोडी जागा उरली तर एखादा दंड घालून ती बुजवितो. लातुराशेजारच्या अंबाजोगाईस दासोपंतांनीं ‘पंचीकरण’ चक्क पासोडीवर लिहिलें; तेथें ओळीची लांबी कापडानें ठरविली. तुटलेल्या शब्दापुढें संयोगचिन्ह घालण्याची चाल यांपैकीं कोठेंही नाहीं.

३. असें असतां ओळीच्या शेवटास महत्त्व कां द्यावें, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर असें कीं, नक्कलकाराच्या चुका ओळीच्या सांध्यावर फार होतात. एक कल्पित उदाहरण घेऊं. मूळ कागदांत ‘जमीन न दिली’ असें असून तें जोडून ‘जमीननदिली’ असें लिहिलें आहे, व पहिल्या ‘न’ वर ओळ संपून दुसऱ्या ‘न’ नें पुढील ओळ सुरू होते, असें समजा. नक्कलकाराची नजर एका ओळीवरून दुसरीवर जातांना दोहोंतला एक ‘न’ गळाला कीं ‘जमीन दिली’ असें वाक्य उरतें. नकार गेला व होकार आला! उलट, मुळांत ‘जमीन’ येथें ओळ संपली असेल, तर तोच ‘न’ पुढच्या ओळीच्या आरंभीं चुकून पुन्हां पडण्याचा संभव आहे. वतनाच्या तंट्यांत एवढ्या एका अक्षरावर निकाल फिरेल. सांधा कोठें होता हें छापील नकलेंत दाखविलें असेल, तर वाचकास संशय घेण्यास जागा राहते. तें दाखविलें नसेल, तर संशयच येत नाहीं.

दुसरें असें कीं, नकलेंत सबंध ओळ गळाली असल्यास गळालेल्या मजकुराच्या लांबीवरून आधीच्या प्रतींतील ओळ किती अक्षरांची होती याचा अंदाज बांधतां येतो, आणि कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हें ठरविण्यास त्याचा उपयोग होतो. तिसरें, पोथींत राहून गेलेला मजकूर समासांत लिहून त्यापुढें ओळीचा आंकडा घालण्याची रीति आहे. ती ओळ वरून किंवा खालून मोजावयाची असते. छापतांना ओळी बदलल्या व मूळच्या ओळींची खूण ठेविली नाहीं, तर तो आंकडा निरर्थक होतो.

४. ओळी व पानें स्थिर ठेवल्यानें काय साधतें, याचें ठळक उदाहरण नांदेडासच आहे. गुरु गोविंदसिंहांनीं इ. स. १७०८ त जेथें गुरुपद ग्रंथास दिलें, त्या हुजूर साहिबाचे ठायीं पूज्य असलेला गुरु ग्रंथ साहिब पूर्वीं ‘लडीवार’ म्हणजे शब्द न तोडतां सलग लिहिला जाई. पदें सुटीं करून छापण्याची चाल त्या मानानें अलीकडची होय. त्याच्या प्रमाण छापील प्रतीचीं पृष्ठें, ज्यांस ‘अंग’ म्हणतात, तीं १४३० असून बहुतेक अंगांवर १९ ओळी असतात. यामुळें अंगाचा व ओळीचा आंकडा दिला कीं कोठल्याही गांवचा वाचक त्याच स्थळीं येऊन पोंचतो. आमच्या पोथ्यांच्या छापील प्रतींस ही सोय अद्याप लाभावयाची आहे.

५. आतां प्रत्यक्ष कृति. ओळी दाखविण्याच्या रीति दोन. शिलालेख व लहान कागद यांस ओळीस ओळ ही रीति योग्य. प्रत्येक मूळ ओळीच्या शेवटीं नवा परिच्छेद न करतां सक्तीची ओळमोड घालावी. इनडिझाइन व लिब्रेऑफिस या दोहोंत ती शिफ्ट व एंटर या कळा एकत्र दाबून मिळते. मात्र असा मजकूर डाव्या कडेस लावूनच छापावा. दोन्ही कडा सारख्या करण्याची आज्ञा चालू राहिल्यास आंखूड ओळ ताणली जाते, शब्दांमध्यें मोठ्या फटी पडतात, व वाचकास तेथें अक्षरें झिजलीं आहेत असा भास होतो. मूळ ओळ पानांत मावत नसेल, तर उरलेला भाग आंत सरकवून खालीं घ्यावा, म्हणजे ती नवी ओळ नव्हे हें समजेल.

लांब कागद व पोथी यांस सलग छपाई बरी. तींत मूळ ओळीच्या आरंभीं चौकटी कंसांत आंकडा घालावा. उभी रेघ घालूं नये, कारण ती दंडासारखी दिसते. शब्दाच्या मध्येंच ओळ संपली असेल, तर आंकडा शब्दाच्या पोटांतच घालावा व दोहों बाजूंस जागा सोडूं नये. ही खूण मजकुरांतच असल्यामुळें टंक बदलला, पान लहान केलें किंवा तोच लेख पडद्यावर वाचला, तरी ती नष्ट होत नाहीं. उलट, सलग मजकुरांत घातलेली सक्तीची ओळमोड पानाची रुंदी बदलतांच भलत्याच ठिकाणीं ओळ तोडते. सबब ती तेथें घालूं नये.

६. यंत्रानें कोठें मोडूं नये, हेंही त्यास सांगावें लागतें. आमच्या लेखनांत दंडापूर्वीं जागा सोडण्याची रूढि आहे. यंत्र त्या जागेवर ओळ मोडतें, आणि श्लोकाचा दंड किंवा ओवीचा आंकडा एकटाच पुढील ओळीच्या आरंभीं जाऊन बसतो. तेथें साध्या जागेऐवजीं ‘न तुटणारी जागा’ घालावी. लिब्रेऑफिसांत ती कंट्रोल, शिफ्ट व स्पेस या कळांनीं येते. ‘शके’ व त्यापुढील आंकडा, ‘इ. स.’, ‘पान’ व त्याचा आंकडा, ‘श्री’ व त्यापुढील नांव, या सर्वांस हाच नियम लावावा. शब्द तोडून संयोगचिन्ह घालण्याची सोय नकलेच्या मजकुरापुरती बंद ठेवावी, नाहीं तर तें चिन्ह मुळांतलें कीं छापखान्याचें, हा घोळ उत्पन्न होतो.

आणखी एक सावधगिरी आहे. क्नुथ व प्लास या दोघांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत प्रत्येक ओळ सुटी न पाहतां सबंध परिच्छेद एकदम तोलून ओळी मोडल्या जातात. टेक्‌ची जुळणी हीच होय, व इनडिझाइनांतील परिच्छेदजुळणीही याच जातीची आहे. जुळणी देखणी होते हें खरें. परंतु परिच्छेदाच्या शेवटीं एक शब्द बदलला तरी वरच्या ओळी हलूं शकतात. यास्तव छापील ओळींचे आंकडे देऊन टीपा लिहिणें तें शेवटचें मुद्रित कायम झाल्यावरच करावें.

७. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, नक्कल उतरून घेतांना प्रत्येक ओळीचा शेवट प्रथमच टिपून ठेवावा. मागाहून आठवून तो भरतां येत नाहीं. कागदास वाळवी लागते, शिळेवर शेंदूर व चुना चढतो, रुमाल हातोहात जातात. पुढें मूळ लेख पाहावयास न मिळाल्यास छापील नक्कल हीच मूळ ठरणार आहे. तींत ‘जमीन’ व ‘न दिली’ यांमधला सांधा दिसला, तर पुढील संशोधकास निर्णय करण्याचें साधन राहील. तो पुसला गेला, तर नकळत आपणच तो निर्णय करून टाकिला असें होईल.