कपाटातली कवटी कोणाची?

संग्रहालयातल्या सगळ्याच वस्तू तिथे राजीखुशीने आलेल्या नसतात. काही विकत घेतलेल्या असतात, काही देणगीदाखल आलेल्या, काही उत्खननात सापडलेल्या. आणि काही लुटलेल्या, धाक दाखवून घेतलेल्या, नाहीतर थडगी उकरून काढलेल्या. या शेवटच्या गटात मूर्ती आणि दागिन्यांबरोबर माणसांच्या कवट्या, केस, हाडे आणि अख्खे सांगाडेही आहेत. युरोप-अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांना गेली काही दशके याच गटाने पेचात टाकले आहे. या वस्तू मांडून ठेवायच्या, गोदामात हलवायच्या, की ज्यांच्या त्यांना परत द्यायच्या?

यांतील बहुतेक संग्रह एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी वाढले. साम्राज्ये पसरत होती आणि त्याच काळात कवट्या मोजून माणसांच्या ‘वंशां’ची उतरंड लावण्याचे एक शास्त्रही भरात होते. ते खोटे ठरले, पण त्यासाठी जमवलेली हाडे कपाटांत राहिली. जर्मनीच्या ताब्यातील नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा संहार झाला. छळछावण्यांत मेलेल्यांची मुंडकी अभ्यासासाठी बर्लिनला धाडली गेली. त्यांतील २० कवट्या बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने नामिबियाच्या प्रतिनिधींना २०११ मध्ये परत केल्या. शंभर वर्षे त्यांची ओळख एवढीच होती: एक क्रमांक आणि काही मापे.

वसाहतीबाहेरही हेच घडले. आयर्लंडचा चार्ल्स बर्न हा सुमारे साडेसात फूट उंचीचा तरुण लंडनमध्ये ‘राक्षस’ म्हणून तिकीट लावून दाखवला जाई. आपण मेल्यावर शल्यविशारद आपला सांगाडा पळवतील ही धास्ती त्याला होती, म्हणून आपले प्रेत समुद्रात बुडवावे असे त्याने मित्रांना बजावून ठेवले होते. १७८३ मध्ये, बाविसाव्या वर्षी तो गेला. जॉन हंटर या शल्यविशारदाने पैसे चारून वाटेतच प्रेत मिळवले आणि पुढची दोनशेहून अधिक वर्षे तो सांगाडा लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात उभा होता. नूतनीकरणानंतर २०२३ मध्ये संग्रहालय उघडले तेव्हा सांगाडा दालनात नव्हता. त्या जागी जोशुआ रेनॉल्ड्स याने काढलेले हंटरचे चित्र आहे, आणि चित्राच्या वरच्या कोपऱ्यात बर्नची पावले लटकताना दिसतात. सांगाडा मात्र संशोधनासाठी संग्रहालयाने स्वतःकडेच ठेवला. समुद्रात बुडवण्याची बर्नची इच्छा त्यामुळे अजून अपुरीच आहे. हा निर्णय अर्धाच म्हटला पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेच्या सार्की बार्टमन हिच्या वाट्याला याहून वाईट आले. लंडन आणि पॅरिसमध्ये तिच्या शरीराचे प्रदर्शन झाले. १८१५ मध्ये ती मरण पावल्यावर जॉर्ज क्युव्हिए या निसर्गशास्त्रज्ञाने शवविच्छेदन केले. तिचा सांगाडा आणि शरीराचा साचा पॅरिसच्या संग्रहालयात १९७० च्या दशकापर्यंत लोकांसमोर होता. नेल्सन मंडेला यांनी मागणी केल्यानंतरही तिचे अवशेष परत देण्यासाठी फ्रान्सला वेगळा कायदा करावा लागला. ऑगस्ट २००२ मध्ये ईस्टर्न केप प्रांतात हँकी या गावी तिचे दफन झाले. मृत्यूनंतर सुमारे १८७ वर्षांनी.

संग्रहालयाने मांडणी कशी बदलावी याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑक्सफर्डचे पिट रिव्हर्स संग्रहालय आहे. १८८४ मध्ये जनरल पिट रिव्हर्स यांच्या संग्रहातून ते उभे राहिले आणि आज तिथे पाच लाखांहून अधिक वस्तू, छायाचित्रे व हस्तलिखिते आहेत. इथली मांडणी देशवार नाही, प्रकारवार आहे: सगळे मुखवटे एकीकडे, सगळ्या होड्या एकीकडे, सगळी कुलुपे एकीकडे. दालन अंधारे, कपाटे खच्चून भरलेली, आणि कित्येक वस्तूंना बारीक हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या बांधलेल्या. पाहणाऱ्याला आजोबांच्या माळ्यावर चढल्यासारखे वाटते. त्यातलेच एक कपाट शत्रूच्या मृतदेहाला दिल्या जाणाऱ्या वागणुकीचे होते. इक्वेडोर-पेरूच्या सीमेवरील शुआर आणि अचुआर लोकांनी आकसवलेली मुठीएवढी मुंडकी त्यात टांगलेली असत. शाळेच्या सहली तिथे हमखास थबकत.

शुआरांच्या दृष्टीने ही मुंडकी एका विधीचा भाग होती. विधी उरकला की त्यांचे महत्त्व सरे. पुढे युरोपातील हौशी संग्राहकांनी त्यांच्यासाठी बंदुका आणि पैसा मोजायला सुरुवात केली आणि मागणी वाढली तसा पुरवठाही वाढला. स्लॉथ आणि माकडांच्या डोक्यांचे नकली नमुनेही बाजारात आले. ऑक्सफर्डच्या संग्रहातही ते आहेत. म्हणजे ज्या वस्तूकडे बोट दाखवून गोरा प्रेक्षक ‘रानटी’ म्हणत होता, तिचा बाजार काही अंशी त्याच्याच खिशाने उभा केला होता. कपाटावरच्या चिठ्ठीत यातले काही नव्हते.

जुलै २०२० मध्ये संग्रहालयाने ही मुंडकी आणि इतर मानवी अवशेष, मिळून सुमारे १२०, प्रदर्शनातून काढले. ‘इतिहास लपवता का?’ अशी ओरड झाली. संग्रहालयाच्या संचालक लॉरा व्हान ब्रूकहोव्हेन यांचे उत्तर प्रेक्षकांच्या पाहणीवर आधारलेले होते: हे कपाट पाहून लोकांना त्या समाजाबद्दल काही कळत नव्हते, उलट ते लोक क्रूर आणि मागासलेले होते हाच ग्रह पक्का होत होता. जे प्रदर्शन गैरसमज वाढवते ते शिक्षणाच्या नावाखाली चालू ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय कपाट नुसते रिकामे केलेले नाही. तिथे काय होते, ते कसे आले आणि का हटवले, याचा मजकूर आता तिथे आहे. लपवणे आणि सांगून काढणे यांत फरक आहे तो इथेच.

अशा संग्रहाबाबत पहिले काम असते ते चिठ्ठीचे, म्हणजे वस्तूजवळच्या पाटीचे. ‘प्राप्त’ हा शब्द फार सोयीचा आहे. ‘१८९७ मध्ये बेनिन येथून प्राप्त’ असे लिहिले की कोणी दिले आणि कोणी घेतले हा प्रश्नच उरत नाही. वास्तविक फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातील बेनिन शहर जिंकले, राजवाडा लुटला आणि तिथल्या ओबाला, म्हणजे राजाला, हद्दपार केले. राजवाड्यातील पितळी फलक, मस्तके आणि हस्तिदंती कोरीवकाम यांचा काही भाग मोहिमेचा खर्च भरून काढण्यासाठी विकला गेला. आज पाच हजारांहून अधिक बेनिन वस्तू जगभरच्या शंभरावर संग्रहालयांत विखुरल्या आहेत. पाटीवर ‘लूट’ हा शब्द आला तर वस्तूचे सौंदर्य कमी होत नाही; वस्तू इथे कशी, एवढेच कळते.

दुसरे काम कायद्याचे, आणि तिथे घोडे अडते. १९६३ चा कायदा ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांना काही मोजके अपवाद वगळता संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यास मनाई करतो. मानवी अवशेषांपुरती वाट २००४ च्या ह्यूमन टिश्यू कायद्याने मोकळी केली: हजार वर्षांहून कमी जुने अवशेष ब्रिटिश म्युझियमसह नऊ राष्ट्रीय संस्थांना परत देता येतात. अमेरिका यात पुढे गेली. १९९० च्या कायद्याने, सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांना आपल्याकडील मूळ अमेरिकी लोकांचे अवशेष आणि पवित्र वस्तू यांची यादी करून त्या त्या जमातीला कळवणे सक्तीचे केले. तरीही टाळाटाळ चाललीच. जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम लागू झाले आणि अशा वस्तू मांडण्याआधी जमातीची संमती घेणे बंधनकारक ठरले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीने आपली दोन मोठी दालने बंद केली आणि शिकागोच्या फील्ड म्युझियमने काही कपाटांवर पडदे टाकले. तेहतीस वर्षांत जे झाले नाही ते एका नियमाने झाले.

परत देण्याची वेळ आल्यावर नवीच गाठ समोर येते: द्यायचे कोणाला? बेनिनच्या वस्तू जर्मनीने २०२२ मध्ये नायजेरियाच्या सरकारला देऊ केल्या आणि त्याच वर्षी लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने ७२ वस्तूंची मालकी तिकडे सोपवली. पुढच्या वर्षी नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी या वस्तूंचा मालक ओबा असल्याचे जाहीर केले. लोकांसाठी परत दिलेले राजवाड्यात गेले, असा सूर युरोपात निघाला. तिकडे अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांचा एक गट म्हणाला की ज्या पितळी कड्यांच्या बदल्यात आमचे पूर्वज विकले गेले तीच कडी वितळवून यांतली कितीतरी शिल्पे घडली, तेव्हा वाटा आमचाही आहे. हा दावा सहज झटकता येण्यासारखा नाही. पण वारसदारांत वाद आहे म्हणून ठेव सांभाळणाऱ्याने ती स्वतःची म्हणावी, हेही पटत नाही.

अडचण कधीकधी अगदी व्यवहारातली असते. किडीपासून जपण्यासाठी पूर्वी अनेक संग्रहालयांनी कातडी, पिसे आणि लाकूड यांवर आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगे चोपडली. विधीत वापरायचा मुखवटा परत मिळतो, पण तो तोंडावर बांधता येत नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाचा एक पैलू नुकताच जवळून पाहिला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती आली तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. राष्ट्रीय संग्रहालयांवरील १९८३ च्या कायद्यामुळे मालकी लंडनचीच राहिली. त्यांच्या पेटीवर कोरले आहे की हीच ती शिवाजी महाराजांची वाघनखे आणि ती साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांना पेशव्यांच्या प्रधानाने दिली. पण अफझलखानाचा वध १६५९ चा आणि ग्रँट डफ साताऱ्यात आले ते १८१८ मध्ये. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत ही वस्तू कोणाकडे होती याची साखळी जुळत नाही, आणि हीच ती वाघनखे असे खात्रीने सांगता येत नाही, हे म्युझियमनेही म्हटले आहे. आपल्याकडे या मुद्द्यावर राजकीय धुरळा उडाला. मात्र वस्तूची वंशावळ तपासणे हा तिचा अपमान नव्हे, संग्रहालयाचे ते रोजचे काम आहे.

मुंबईत राणीच्या बागेशेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्याच नावाचे होते. स्वातंत्र्यानंतर शहरातून हटवलेले इंग्रज राजाराणींचे आणि अधिकाऱ्यांचे पुतळे या परिसरात आणून ठेवले गेले. ज्याच्यामुळे काळा घोडा हे नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ मध्ये इकडेच आला. पुतळे नष्ट केले नाहीत, चौकातही ठेवले नाहीत; हा तोडगा शहाणपणाचा होता. आत मात्र काचेमागे मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत: मुंबई इलाख्यातील जाती, धंदे, पगड्यांचे प्रकार. कारागिरी सुरेख. पण माणसांची जातवार वर्गवारी करून कपाटात लावण्याची ही हौस आणि ऑक्सफर्डची प्रकारवार कपाटे एकाच काळाची अपत्ये आहेत, हे पाहणाऱ्याला सांगितलेच पाहिजे.

पिट रिव्हर्समध्ये नागा लोकांच्या सुमारे साडेसहा हजार वस्तू आहेत. त्यांतील बऱ्याच जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स या नागा टेकड्यांतील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमवल्या. या नागा संग्रहात दोनशेहून अधिक मानवी अवशेष आहेत. डॉली किकॉन आणि आर्कोटोंग लोंगकुमेर या नागा मानववंशशास्त्रज्ञांनी ‘फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन’च्या सोबतीने ते परत आणण्यासाठी काम सुरू केले, आणि त्याची सुरुवात अर्ज लिहिण्यापासून न करता गावोगाव माहिती देण्यापासून केली. लोकांना समजावे म्हणून चित्रकथाही काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑक्सफर्डशायरमधील एका लिलावघराने शिंगे लावलेली एक नागा कवटी विक्रीला काढली तेव्हा नागालँडचे मुख्यमंत्री नेफ्यू रिओ यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिले आणि ती कवटी लिलावातून मागे घेतली गेली.

गावांतल्या बैठकांपुढचे प्रश्न सोपे नाहीत. मुंडकी कापून आणण्याची प्रथा नागांत होती. त्यामुळे एका गावातून उचललेली कवटी मुळात शत्रूच्या गावातल्या माणसाची असू शकते. मग ती कोणाच्या हवाली करायची? बहुसंख्य नागा आता ख्रिस्ती आहेत. जुन्या धर्मात मेलेल्याचे दफन कोणत्या विधीने करायचे? की दफन न करता एखादे स्मारक उभारायचे? जून २०२५ मध्ये वेगवेगळ्या नागा जमातींचे शिष्टमंडळ ऑक्सफर्डला गेले. त्यांनी संग्रहालयात ठेवलेले आपल्या पूर्वजांचे अवशेष पाहिले आणि ते परत मिळावेत म्हणून एक जाहीरनामा काढला. मग शिष्टमंडळ घरी परतले. अवशेषांच्या पेट्या तेव्हा ऑक्सफर्डमध्येच राहिल्या.