जुन्या वीणेला नव्या चाव्या

जुन्या मोटारीत नव्या मॉडेलची बटणे, दांडे बसवून घेण्याची हौस अनेकांना असते. एकेकाळी भोसल्यांची राजधानी असलेल्या तंजावरात हाच प्रश्न वीणेच्या बाबतीत उभा राहतो.

येथील सरस्वती वीणा फणसाच्या लाकडाची. तारा ७, त्यांपैकी ३ तालाच्या. २४ पडदे काळ्या मेणावर बसविलेले. सतराव्या शतकात रघुनाथ नायकाच्या काळी तिला हे रूप आले, असे मानतात. २०१३ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही लाभले.

अडचण आहे ती खुंट्यांची. लाकडी खुंटी केवळ घर्षणावर तार धरते. दमट हवेत ती फुगून अडते, कोरड्या हवेत सैल होऊन घसरते. म्हणून अनेक वादक आता गिटारच्या दातेरी चाव्या बसवून घेतात. चावी बरीच फिरवावी तेव्हा तार जराशी ताणली जाते. साहजिकच नवशिक्यालाही नेमका सूर साधतो. नवी वीणा घेताना ही निवड सोपी. आजोबांच्या वीणेचे मात्र तसे नाही! चावीसाठी जुने छिद्र बदलावे लागते, आणि त्यात पुन्हा लाकडी खुंटी नीट बसेलच असे नाही. धातूचे वजन वाढते ते निराळेच. खुंटी नुसती घसरत असेल, तर खडू घासून किंवा नवी खुंटी तासून पुष्कळदा काम भागते. कारागिराकडून आधी तेवढे करून पाहावे.