शिरांचे लेसर झाले? दुखणे अंगावर काढू नका!

दिवसभर उभे राहून राबणे आपल्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या आले आहे. मुंबईच्या गिरण्या गेल्या, पण सफाई कामगार, बसचे कंडक्टर, नर्स, शिक्षक आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनी आजही उभ्याच आहेत. यांच्यापैकी अनेकांच्या पायांवर निळ्या, वेटोळ्या शिरा फुगलेल्या दिसतात. डॉक्टर त्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. शिरेतील झडपा सैल झाल्या की रक्त हृदयाकडे न चढता पायातच साचते.

पूर्वी जांघेत चिरा देऊन ही शीर ओढून काढीत. आता सुईच्या छिद्रातून बारीक नळी घालून लेसरच्या किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने ती आतूनच बंद करतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. उपचार चांगला आहे, याविषयी आम्हाला शंका नाही. परंतु मोठा चिरा नाही म्हणजे धोकाच नाही, हा समज खरा नव्हे.

बंद केलेली वरची शीर जांघेत खोलवरच्या मोठ्या शिरेला मिळते. क्वचित रक्ताची गुठळी तेथून खोल शिरेत सरकते, किंवा पोटरीतील खोल शिरेत नवी धरते. हे शंभरांत एखाद्यालाच होते आणि औषधाने बरेही होते. पण गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर जिवावर बेतते.

म्हणून उपचारापूर्वीच डॉक्टरांना सारे सांगावे. पूर्वी स्वतःला किंवा घरात कोणाला गुठळी झाली होती काय, कर्करोग आहे काय, नुकतेच बाळंतपण झाले काय, हे लपवू नये. पाळणा लांबविण्याच्या गोळ्या चालू असतील, तर भगिनींनी संकोच न करता सांगावे.

घरी आल्यावर खाटेवर पडून राहू नये. रोज थोडे थोडे चालावे, बसल्या जागी घोटे हलवावेत, पाणी प्यावे. मोजे किती दिवस घालायचे आणि सोनोग्राफीला कधी यायचे, हे विचारून घ्यावे. बोलावले त्या दिवशी जावेच. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाण्याची ओढ आम्ही जाणतो; पण पहिल्या काही आठवड्यांत लांबचा प्रवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

बंद केलेल्या शिरेवर थोडे काळेनिळे होणे, दोरीसारखे कडक लागणे, हे नेहमीचे आहे. परंतु एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम किंवा लाल झाली, तर तेल लावून चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, थुंकीतून रक्त पडले, तर क्षणही न दवडता मोठे रुग्णालय गाठा.

आपल्या मायबहिणी घरच्यांचे आधी आणि स्वतःचे शेवटी पाहतात. "उद्या बघू" म्हणत दुखणे अंगावर काढतात. तो उद्या येथे महाग पडू शकतो. कोणी सांगितले एवढ्यावरून मानू नका, स्वतः तपासून पाहा, अशी तथागतांची शिकवण आहे. डॉक्टरांपुढेही ती विसरू नका. निःसंकोच प्रश्न विचारा, समजून घ्या आणि वेळेवर दवाखान्याची पायरी चढा.