सिस्टर, बाटली संपली!

वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. गाव जिल्ह्याचं, रुग्णालय मोठं, वॉर्ड पुरुषांचा. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास माझ्या वडिलांनी पाळीवरच्या सिस्टरला आईवरून शिवी हासडली. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस. त्यांच्या तोंडून 'गाढवा'च्या पलीकडचा शब्द मी कधी ऐकला नव्हता. लघवीची नळी उपसायला निघालेला त्यांचा हात तिने धरला, तर तिच्या मनगटावर नखांचे ओरखडे उठले. ती काही बोलली नाही. शरमेने मीही बोललो नाही. पण तासाभराने सलाइनची बाटली संपली, नळीत रक्त उलटं चढायला लागलं आणि दोन हाका मारूनही ती आली नाही, तेव्हा ती शरम कुठल्या कुठे गेली. "माणूस मेल्यावर येणार का तुम्ही?" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की ओळीतले चार-पाच पेशंट जागे झाले.

ती समोरच्या खाटेजवळून आली. बाटली बदलली, शिरेत घातलेली इंट्राकॅथ चालू आहे ना ते पाहिलं, आणि जाता जाता म्हणाली, "दादा, बाबांचा चष्मा कुठाय? घाला त्यांना. नीट दिसलं की शांत होतील."

या लेखाची सुरुवात त्या चष्म्यापासून झाली. वडील बरे होऊन घरी आल्यावर मी वाचायला लागलो, आणि माझं अज्ञान किती होतं ते हळूहळू कळत गेलं.

पहिली गोष्ट त्या उलट्या रक्ताची. बाटली रिकामी झाली की नळीतला दाब शिरेतल्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणून थोडं रक्त मागे येतं. दिसायला ते भयंकर असतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा होणारं नुकसान म्हणजे रक्ताची गुठळी होऊन इंट्राकॅथ बंद पडते आणि नवी टोचावी लागते. हे सिस्टरला माहीत असतं, म्हणून समोर धाप लागलेला पेशंट असेल तर ती बाटलीसाठी धावत नाही. नातेवाइकाला हे माहीत नसतं. त्याला दिसतं ते फक्त आपल्या माणसाचं रक्त आणि पाठमोरी उभी असलेली सिस्टर.

दुसरी गोष्ट वडिलांच्या शिव्यांची. वय झालेल्या माणसाला मोठी शस्त्रक्रिया, भूल, जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घटणं, नुसती अनोळखी जागा आणि मोडलेली झोप यांपैकी काहीही भ्रमात ढकलू शकतं. वैद्यकात त्याला डिलिरियम म्हणतात. अंधार पडला की तो वाढतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो इतक्या वेळा दिसतो की अस्थिरोग विभागातल्या अनुभवी सिस्टरला त्याचं नवल वाटत नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयात शॅरन इनूये आणि सहकाऱ्यांनी ८५२ वृद्ध रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला दिवस-वार सांगत राहणं, रात्री झोपू देणं, लवकर हिंडतंफिरतं करणं, पाणी पाजणं, चष्मा आणि कानाचं यंत्र लावणं असे साधे उपाय त्यात होते. नेहमीच्या उपचारांत भ्रमाचं प्रमाण १५ टक्के होतं, ते या रुग्णांत ९.९ टक्क्यांवर आलं. रात्री तीन वाजता शिव्या आणि ओरखडे झेलून त्या मुलीने मला जे सांगितलं, ते याच अभ्यासातलं एक कलम होतं.

'अवघड पेशंट' म्हणून वॉर्डात ज्यांची चर्चा होते त्यांतले बरेच असे आजारानेच अवघड झालेले असतात. दारूचं उदाहरण घ्या. अपघातात पाय मोडून आलेल्या माणसाला "दारू घेता का?" असं विचारलं की बायको खाली मान घालते, भाऊ ठामपणे "छे!" म्हणतो. घराण्याची अब्रू राहते. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरू लागतात, भास होतात, झटके येऊ शकतात. उपचार झाले नाहीत तर माणूस जाऊही शकतो. खरं सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी औषध सुरू झालं असतं. आता तिसऱ्या रात्री तोच माणूस प्लास्टरसकट खाटेवरून उतरू पाहतो, सिस्टरच्या अंगावर धावतो, आणि त्याच्या जिवासाठी हात बांधावे लागले की तोच भाऊ मोबाइलवर चित्रण करत विचारतो, "जनावरासारखं बांधलंय का आमच्या माणसाला?"

परदेशी अभ्यासांत पेशंट अवघड असतो. आपल्या वॉर्डात गोष्ट वेगळी आहे, कारण आपल्याकडे नातेवाईक हा रुग्णालयाचा बिनपगारी नोकर असतो. दुकानातून औषध तो आणतो, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत तो पोचवतो, रक्तपेढीच्या खिडकीशी तो उभा राहतो, ट्रॉलीही ढकलतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलाशी तोच ताटकळतो. रात्री दोन खाटांच्या मध्ये चटई टाकून झोपतो. त्याला चिडायला कारणं आहेत. सीटी स्कॅनचं यंत्र बंद आहे, मोठे डॉक्टर उद्या येणार आहेत, इंजेक्शन बाहेरून आणायचं आहे. यातला एकही निर्णय सिस्टरने घेतलेला नसतो. तो ज्यांनी घेतला ते मंत्रालयात, अधिष्ठात्यांच्या कार्यालयात किंवा घरी असतात. चोवीस तास वॉर्डात पाय रोवून उभी असते ती सिस्टर, म्हणून व्यवस्थेचा सगळा राग तिच्या वाट्याला येतो. हे मला या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी दिसतं.

त्यात तिला बोलायची मुभा कमी. "सिस्टर, रिपोर्टमध्ये काय आलंय?" याला तिचं ठरलेलं उत्तर असतं, "डॉक्टर सांगतील." निदान सांगणं तिच्या अधिकारात बसत नाही; चुकून काही बोलली तर उद्या नातेवाईक डॉक्टरांसमोर म्हणणार, "सिस्टर तर असं म्हणाल्या होत्या!" समोरच्याला मात्र ती टाळते आहे असं वाटतं. केरळातून आलेल्या आणि मराठी अजून अडखळत बोलणाऱ्या सिस्टरच्या बाबतीत हा गैरसमज दुप्पट होतो. पुरुष परिचारक शेजारून गेला की त्याला "डॉक्टरसाहेब" म्हणून हात जोडले जातात, आणि वीस वर्षं नोकरी झालेल्या परिसेविकेला "ओ बाई" म्हणून हाक मारली जाते. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

माझ्या त्या ओरडण्याचा परिणाम काय झाला असेल? सिडनीतल्या दोन रुग्णालयांत जोहाना वेस्टब्रुक यांच्या गटाने ९८ परिचारिकांनी औषध दिल्याच्या ४,२७१ वेळा टिपल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार निम्म्याहून अधिक वेळा मध्येच कुणीतरी व्यत्यय आणला होता, आणि दर व्यत्ययागणिक औषधाच्या चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होत्या. त्याहून अस्वस्थ करणारा अभ्यास इस्रायलमधला. एरी रिस्किन आणि सहकाऱ्यांनी नवजात अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-परिचारिकांच्या पथकांना सरावाचे प्रसंग दिले. काही पथकांना बाळाच्या 'आई'ने, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या बाईने, अपमानास्पद बोलायचं असं ठरलेलं होतं. एवढ्याने त्या पथकांचं निदान आणि हातचं काम, दोन्ही घसरलं, आणि तो परिणाम दिवसभर टिकला. हा अभ्यास २०१७ चा. म्हणजे मी सिस्टरवर ओरडलो त्याची किंमत कदाचित पलीकडच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाने मोजली असेल.

साधा हिशोब करून पाहा. वॉर्डात ६० पेशंट, काही खाटांवर, काही जमिनीवर गाद्या टाकून. प्रत्येकाच्या औषधाला पाच मिनिटं धरली तरी एका फेरीला ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास. रात्रपाळीला दोन सिस्टर असतील तर प्रत्येकीला अडीच तास, आणि त्यात बेडपॅन, ताप, रक्तदाब, नवी भरती, मृत्यू, पोलीस केस हे काहीच धरलेलं नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा असा आहे. आपण किती रुग्णालयांत हे प्रमाण पाहिलं आहे? मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या, तेव्हा "पेशंटना वाऱ्यावर सोडून संप कसला करता?" असं विचारणारे पुष्कळ होते. खाजगीतली स्थिती वेगळीच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान रुग्णालयातसुद्धा परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये पगार असावा असं सुचवलं. एवढं सांगायला समिती लागली.

छळाचे आकडे जगभरचे आहेत. ३ लाख ३१ हजारांहून अधिक आरोग्यसेवकांची माहिती असलेल्या २५३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये निघाला. वर्षभरात रुग्ण किंवा त्यांच्याबरोबरच्या लोकांकडून कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची हिंसा सोसलेल्यांचं प्रमाण त्यात ६१.९ टक्के आलं. प्रत्यक्ष मारहाण सोसलेले २४.४ टक्के. महाराष्ट्राने २०१० मध्येच कायदा केला. रुग्णालयात हिंसा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोडीची दुप्पट भरपाई. आणि परिचारिका व परिचर्येच्या विद्यार्थिनी यांनाही तो स्पष्टपणे लागू आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, मग सुरक्षारक्षक आले, नातेवाइकांच्या पासांवर कडक बंधनं आली. दारावर रक्षक असतो. पण आत शिरलेल्या सहाव्या नातेवाइकाला बाहेर काढायचं काम अखेर सिस्टरवरच येतं. करोनाच्या साथीत, २२ मार्च २०२० ला, आपण आरोग्यसेवकांसाठी थाळ्या वाजवल्या. बरोबर महिन्याने, २२ एप्रिलला, केंद्र सरकारला आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. त्या एका महिन्यात परिचारिकांना भाड्याच्या खोल्या सोडायला सांगितलं जात होतं.

कायदा ठोशासाठी आहे. रोजच्या "ए", "तुझा पगार आमच्या करातून होतो", "तुला बघून घेतो" यासाठी बारा तासांची रात्रपाळी संपवून कोण पोलीस ठाण्यात जाऊन बसेल?

मात्र परिचारिकांची बाजू घेताना एक गोष्ट झाकून ठेवणं मला जमणार नाही. प्रसूतिकक्षात कळा देणाऱ्या बाईला "तेव्हा बरं ओरडली नाहीस" असं ऐकवलं जातं, काही ठिकाणी मांडीवर फटकाही बसतो. हे घरोघरच्या बायकांना माहीत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने 'लक्ष्य' हा कार्यक्रम सुरू केला, त्यात प्रसूत होणाऱ्या बाईला सन्मानाने वागवणं हा मुद्दा लिहून घालावा लागला. तिथे अवघड पेशंट नसतो, अडलेली बाई असते. परिचारिकेच्या थकव्याने हे समजून घेता येतं, माफ करता येत नाही. पलीकडच्या बाळंतिणींच्या वॉर्डात याच सिस्टर नवजात बाळाच्या तोंडाला मधाचं बोट लावणाऱ्या आजीशी भांडतात. मधात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात, वर्षाच्या आतल्या बाळाला तो देऊ नये, हे त्या सांगतात तेव्हा आजी म्हणते, "माझी पाच वाढली मधावर." इथे सिस्टरचं बरोबर आहे. आणि आजीचा अपमान न करता हे सांगायला जी दहा मिनिटं लागतात, ती तिच्याकडे नाहीत.

कठोर होण्याचं शास्त्रही जुनं आहे. लंडनच्या एका शिक्षण रुग्णालयातल्या परिचारिकांबद्दल इझाबेल मेन्झीस यांनी १९६० च्या सुमारास लिहिलं: माणसाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने आणि अवयवाने ओळखायचं, काम तुकड्यांत वाटून घ्यायचं, म्हणजे कुणा एकाच्या दुःखाशी फार जवळीक होत नाही. आपल्याकडचा 'सात नंबरचा अपेंडिक्स' तोच. फेलिसिटी स्टॉकवेल यांनी १९७२ मध्ये 'नावडता पेशंट' याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकांना आवडणारे पेशंट त्यांना नावाने ओळखत, त्यांच्याशी हसत-बोलत, बरं व्हायची जिद्द दाखवत; सतत तक्रार करणारे नावडते. हे वाचताना मी थबकलो. अकरा दिवस त्या वॉर्डात काढून त्या सिस्टरचं नाव मला ठाऊक नव्हतं.

विम्याच्या दाव्यासाठी वडिलांच्या केसपेपरच्या झेरॉक्स काढून आणल्या होत्या. हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्यातली नर्सिंग नोट्सची पानं पहिल्यांदा नीट वाचली. त्या रात्रीची नोंद तिरप्या, घाईच्या इंग्रजी अक्षरात आहे. पेशंट अस्वस्थ, नळी काढण्याचा प्रयत्न. डॉक्टरांना कळवले. पहाटे ४:१० ला सलाइन बदलले. नातेवाइकांना समजावून सांगितले. खाली सही आहे, ती वाचता येत नाही.