छपराखालच्या गाडीला कव्हर कोणतं?

आजचा विषय तुमच्याकडूनच आला आहे. गटाची किंवा घरची गाडी गॅरेजमध्ये, शेडमध्ये उभी असते. तिला कव्हर घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कोणत्या कापडाचं?

हा विषय घरच्या पुरुषमाणसांचा आहे असं कुणी म्हणेल, तर तिला सांगा की दिवस बदललेत. पुण्यात २०२५ पासून बायकांना गुलाबी ई-रिक्षा मिळू लागल्या. त्या योजनेत किमतीच्या २० टक्के सरकारचं अनुदान, १० टक्के बाईने स्वतः भरायचे आणि उरलेले ७० टक्के बँकेचं कर्ज. गटाने घेतलेला टेम्पो असो की सेकंडहँड मोटार, कर्ज काढलं की हप्ते आलेच. पत्रा गंजला म्हणून बँक हप्ता कमी करत नाही. उद्या गाडी विकायला काढली, तर येणारा माणूस आधी दाराच्या खालच्या कडेला आणि चाकाच्या कमानीवर बोट फिरवून बघतो.

दुकानात गेलं की पहिल्यांदा काय दाखवतात? चकचकीत, पाणी न शिरणारं कव्हर. "ताई, एक थेंब आत जाणार नाही." खरं आहे ते. पण आतला थेंब बाहेरही जाणार नाही, हे कुणी सांगत नाही. तव्यावरची गरम भाकरी स्टीलच्या डब्यात झाकून ठेवली तर काय होतं? झाकणाला पाणी सुटतं आणि भाकरी ओली होते. तीच फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवली तर वाफ निघून जाते, भाकरी कोरडी राहते. गाडीचंही असंच आहे.

छपराखाली पाणी येतं कुठून, असं वाटेल. एक तर पावसात फिरून आलेली गाडी आपल्या अंगावर, चाकांच्या आत, पायपुसण्यावर पाणी घेऊनच येते. दुसरं म्हणजे हवा. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलीमीटर पाऊस पडतो, मावळ-मुळशीकडे त्याच्या कितीतरी पट. त्या चार महिन्यांत आपली लाकडी दारं फुगतात, लोणच्याच्या बरणीजवळ बुरशी धरते, तीच दमट हवा गॅरेजमध्येही असते. थंडीतही सुटका नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांपर्यंत उतरतो, पत्रा गार पडतो आणि पहाटे त्यावर दव धरतं. उघड्या गाडीवरचं दव ऊन चढलं की वाळतं. प्लास्टिकखालचं दिवसभर तसंच राहतं आणि जिथे रंग उडालाय तिथून गंज सुरू होतो.

म्हणून बंद गॅरेजसाठी माझं मत स्पष्ट आहे: ज्यातून हवा जाते असं मऊ सुती कापड. पाणी अडवणं हे छपराचं काम. छप्पर गळत असेल तर आधी पत्र्याचे खिळे आणि वॉशर बघा, कव्हरवर खर्च नंतर करा. कापड घेताना ते तोंडासमोर धरून फुंकर मारा आणि पलीकडे हात धरा. हाताला वारा लागला तर कापड श्वास घेतंय. वाफाळत्या चहाच्या कपावर धरलंत तरी कळतं, वाफ वर आली पाहिजे.

आणि रोज सकाळी बाहेर पडणारी, रात्री बंद शटरच्या आत येणारी गाडी असेल, तर कव्हर घेऊच नका. रोज धुळीच्या गाडीवर कापड ओढायचं आणि काढायचं म्हणजे बारीक वाळूने पत्रा घासायचा. रंगावर जाळीसारखे ओरखडे येतात ते त्यातूनच. जी गाडी आठवडा-पंधरा दिवस जागची हलत नाही, तिला कव्हर हवं.

सोसायटीच्या इमारतीखालचं पार्किंग मात्र अर्धं घर, अर्धं अंगण. वर स्लॅब, पण बाजू उघड्या. तिरका पाऊस येतो, कबुतरं तर येतातच, आणि त्यांची विष्ठा रंगाला खाते. तिथे नुसतं सुती कव्हर भिजून चिकटून बसेल. अशा ठिकाणी थोडं पाणी झटकणारं, पण हवा जाणारं, आतून मऊ अस्तर असलेलं कापड घ्या आणि खाली इलॅस्टिक लावा. गावाकडच्या शेडला हाच नियम. तिथे कबुतरांऐवजी कोंबड्या आणि कडब्याची धूळ. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत नदीचं पाणी शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. तशा वेळी कोणतंच कव्हर कामाचं नाही. पाणी ओसरलं की भिजलेलं कव्हर ताबडतोब काढायचं आणि मेकॅनिकने बघेपर्यंत गाडी सुरू करायची नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. हे कव्हर घरी शिवता येतं, आणि गटात शिलाई मशिन असेल तर विकताही येतं. वॅगनआरसारखी गाडी घ्या. लांबी सुमारे ३ मीटर ६५ सेंटिमीटर, रुंदी १ मीटर ६२, उंची १ मीटर ६८. वरचा भाग, दोन बाजू, पुढचं आणि मागचं मिळून साधारण २४ चौरस मीटर कापड होतं. पाचवारी सुती साडी साडेपाच मीटर लांब, सव्वा मीटरहून थोडी कमी रुंद, म्हणजे सहा चौरस मीटरच्या आसपास. चार जुन्या सुती साड्यांत एक मोटार झाकली जाते! वापरून मऊ झालेलं कापड नव्या मांजरपाटापेक्षा रंगाला चांगलं. जर, टिकल्या असतील तर ते काठ काढून टाका. खळ असेल तर धुऊन घालवा. पक्क्या रंगाची खात्री करा: ओल्या पांढऱ्या फडक्याने साडी घासा, फडक्याला रंग लागला तर ती साडी बाजूला. नवं कापड घ्यायचं तर रविवार पेठेत ५८ इंच पन्ह्याचं मागा, १६-१७ मीटर लागेल.

शिवणीचा जाड भाग बाहेरच्या बाजूला येऊ द्या. बटण, हुक, धातूची कडी आत नको, नाडी पुरते. आरशांना खिसे करा, म्हणजे कव्हर ओढताना आरसा मुडपणार नाही. खालची कड जमिनीपासून वीतभर वर ठेवा. लोळणारं कव्हर ओल शोषतं आणि उंदरांना आडोसा देतं. वायरी कुरतडणारा उंदीर ओरखड्यापेक्षा महाग पडतो, म्हणून झाकलेल्या गाडीचं बॉनेट आठवड्याला उघडून बघा, जवळ धान्य किंवा पेंडीची पोती ठेवू नका.

झाकण्याआधी गाडी ओल्या मऊ कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. सायलेन्सर गार होईपर्यंत थांबा, सिंथेटिक कापड त्यावर वितळतं. ई-रिक्षा चार्जिंगला लावली असेल तर तोवर झाकू नका, उष्णता बाहेर पडायला हवी. काढताना कव्हर दोन्ही बाजूंनी मधोमध दुमडत आणा, धुळीची बाजू धुळीवर, मग गुंडाळा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उन्हाची तिरीप मिळेल त्या दिवशी धुऊन वाळवा. २४ चौरस मीटरचं ओलं कापड एकटीला पिळवत नाही, दोघी लागतात. गिऱ्हाइकाला कव्हर देताना हेही सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात बुरशी धरलेलं परत घेऊन येतील.