कामें अनेक, यादी एक

प्रत्येक कार्याची फाइल निराळी असावी हें खरें. परंतु आजचें काम कोणत्या फाइलींत दडलें आहे, हें कसें कळावें? कामें उतरून निराळी यादी केली, तर एकीकडे पुरें झालेलें काम दुसरीकडे अपुरेंच राहतें.

कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञानें २००३ सालीं ‘ईमॅक्स’ या संगणकीय लेखनसाधनासाठीं ‘ऑर्ग मोड’ रचिला, तो यावर उपाय आहे. त्यांत मथळ्याआधीं तारका, मग ‘टूडू’ हा शब्द व खालीं मुदतीची तारीख लिहितात. ‘अजेंडा’ ही सोय नेमलेल्या साऱ्या फायली चाळून दिवसाची एकच यादी मांडते. तेथें काम ‘डन’ केलें कीं मूळ ठिकाणींही तशी नोंद होते. मात्र जी फाइल नेमावयाची राहिली, तिच्यांतील मुदत मुकाट्यानें टळते. म्हणून नवी फाइल उघडतांच ती प्रथम नेमून द्यावी.